निर्दोष सुटल्याचा कागद

यंदाच्या महिलादिनाला आमच्या गावच्या वाचनालयात एका डॉक्टरीणबाईंचे व्याख्यान झाले. बाई मोठ्या शहरातल्या, बोलणे गोड आणि विषयाची तयारी चोख. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "आजवर गर्भ गळाला की खापर बाईच्या डोक्यावर फुटत असे. आता गळालेल्या गर्भाची गुणसूत्रे तपासता येतात. विज्ञानाने स्त्रीला या आरोपातून मुक्त केले आहे." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पहिल्या रांगेत बसले होते, न वाजवून कसे चालेल? पण घरी जाताना त्या टाळ्या मला सलत राहिल्या. त्या परत घेण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

चकली मोडता मोडता वाचावा असा हा विषय नव्हे, हे मला कळते. परंतु घरात सासू, सून, लेक, जावई, झालेच तर दुपारी आडवे पडलेले मामंजी, अशा सर्वांच्या हातून फिरते अशी वस्तू दिवाळी अंकाखेरीज दुसरी नाही. आणि मला जे सांगायचे आहे ते या सर्वांना एकदमच सांगायचे आहे. माझे स्वतःचे शिक्षण दहावीपर्यंतचे. आमचे वडील शेवटपर्यंत त्याला मॅट्रिकच म्हणत. गेली बावीस वर्षे मी बालवाडीत शिकवते आणि रात्री जागून कादंबऱ्या लिहिते. तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या विद्येशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते त्यांच्या 'मुक्त' या शब्दाशी.

माझ्या भावाची मुलगी २०२२ च्या उन्हाळ्यात लग्न होऊन सासरी गेली आणि दिवाळसणाला माहेरी आली तेव्हा तिला दिवस गेले होते. भाऊबीजेसाठी मीही दोन दिवस आधीच जाऊन राहिले होते. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, सूर्यग्रहण होते; सूर्य ग्रासलेलाच मावळला. वहिनी सकाळपासून सांगत होती, पोरीला चिरू-कापू देऊ नका, एका जागी बसू दे. मी हसले. म्हटले, "वहिनी, कुठल्या काळात आहात?" आणि संध्याकाळच्या भाजीसाठी भोपळा आणि विळी मी स्वतः भाचीच्या पुढ्यात सरकवली. तिलाही बसून कंटाळा आला होता. तिने भोपळा चिरला.

नोव्हेंबरच्या मध्यावर, अकराव्या आठवड्यात, तिची सोनोग्राफी झाली. ठोके नव्हते. डॉक्टर म्हणाले, वाढ आठव्या आठवड्यालाच थांबलेली दिसते. तिच्या सासूबाईंनी भिंतीवरचे कॅलेंडर काढले, बोटाने मागे मोजत गेल्या, आणि बोट बरोबर त्या भोपळ्यावर येऊन थांबले.

पिशवी साफ करायची तेव्हा डॉक्टरांनी विचारले, काढलेला भाग तपासायला पाठवायचा का? पहिल्या खेपेला ही तपासणी केलीच पाहिजे असे नाही; दोनदा-तीनदा तसे झाले की सहसा सांगतात. पण विचारले, आणि जावईबापूंनी होय म्हटले. भाची तेव्हा भुलीच्या अंमलाखाली होती. तिला ही गोष्ट चार दिवसांनी कळली, तीही बोलण्याच्या ओघात. जावई मुलगा चांगला आहे, हे आधी सांगते. खाऱ्या पाण्यातली ती छोटी बरणी मांडीवर धरून तोच रिक्षाने नमुने घेण्याच्या केंद्रावर गेला, आणि आयुष्यात इतका हळू रिक्षावाला आपण पाहिला नाही असे नंतर मला म्हणाला. त्याने रिक्षावाल्याला हळू चालव असे स्वतःच सांगितले होते, हे तो विसरला होता.

तीन आठवडे वाट पाहण्यात गेले. या तीन आठवड्यांबद्दल व्याख्यानात कोणी बोलत नाही. बाईला घरी पाठवतात, दूध येऊ नये म्हणून, रक्त थांबावे म्हणून गोळ्या देतात. लोक भेटायला येतात, "होईल पुन्हा" म्हणतात, चहा घेतात आणि जातात. तिच्या मनात मात्र एकच असते की, दूर कुठे तरी कोणी तरी भिंगातून बघते आहे आणि मी काय केले ते तिथे लिहून ठेवते आहे. भाचीने मला एकदा रात्री अकराला फोन केला. "आत्या, भोपळा चिरल्याचं त्यात दिसतं का गं?" मुलगी कॉमर्सची पदवीधर आहे. मी नाही म्हटले. पण उत्तर देण्याआधी मी क्षणभर थांबले, आणि ते थांबणे तिने ऐकले.

अहवाल आला तो सासऱ्यांच्या फोनवर. अर्जात नंबर त्यांचा दिलेला. त्यांनी तो चष्मा लावून दिवाणखान्यात मोठ्याने वाचला. इंग्रजीच होते सगळे. दोन शब्द तेवढे घरच्यांना कळले, 'ॲबनॉर्मल' आणि त्यापुढचा '४७' हा आकडा. भाची त्या वेळी स्वयंपाकघरात होती. आपल्या पोटची ती शेवटची बातमी तिला घरात सर्वांत शेवटी मिळाली.

आता त्या कागदात काय होते ते माझ्या बालवाडीच्या भाषेत सांगते. आम्ही मुलांना 'जोड्या लावा' देतो ना, तसे आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, एकूण ४६. (मोठमोठे पंडितही कित्येक वर्षे ४८ मोजत होते, ४६ हा आकडा स्वीडनमध्ये त्जिओ आणि लेवान या दोघांनी १९५६ साली पक्का केला. तेव्हा आमच्या आजीला जे ठाऊक नव्हते ते तिच्या काळात फारसे कोणालाच ठाऊक नव्हते.) आईचे बीज आणि बापाचे बीज एकत्र येताना प्रत्येकाने जोडीतले एकेकच आणायचे. क्वचित एक जास्तीचे येते. भाचीच्या कागदावर सोळाव्या घरात दोनाऐवजी तीन होती. असा गर्भ काही आठवडे वाढतो आणि थांबतो. तो जन्मापर्यंत पोचत नाही. पहिल्या तीन महिन्यांत गळणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिक गर्भ अशा कुठल्या ना कुठल्या चुकीने जातात, आणि त्यांत सोळाव्याची ही तिकडी बरीच आढळते. ही चूक गर्भ राहतो त्या घटकेलाच झालेली असते. मागाहूनचा भोपळा, पपई, प्रवास, जिना, यांतले काही तिला आणीत नाही आणि घालवीतही नाही.

डॉक्टरांनी हे सर्व नीट समजावले. सासूबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. मग विचारू लागल्या, गर्भ राहिला तो दिवस कुठला धरायचा? डॉक्टर म्हणाले, सप्टेंबरच्या मध्याच्या आसपास. सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे पितृपक्ष."

वाचकहो, इथे हसू येते. मलाही आले होते. परंतु ग्रहण सुटल्यावर पितृपक्ष लागायला एक मिनिट पुरले, हे लक्षात घ्या. आणि पुढे तर याहून वाईट झाले. घरातल्याच एका शिकल्या-सवरल्या माणसाने डॉक्टरांना प्रश्न केला की, हे जास्तीचे आले कोणाकडून? डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, सोळावे बहुतेक वेळा बीजाकडूनच, म्हणजे आईकडून येते. पण यात तिचा काही दोष नाही, कारण स्त्रीबीजाची ही विभागणी सुरू होते तीच मुळी ती मुलगी स्वतः आपल्या आईच्या पोटात असताना. मग ती वर्षानुवर्षे अर्ध्यावर थांबून राहते. या वाक्याचा उत्तरार्ध कोणी ऐकलाच नाही. "आईच्या पोटात असताना" एवढेच उचलले गेले, आणि संध्याकाळपर्यंत ते माझ्या वहिनीकडे पोचले. माझी वहिनी त्या रात्री स्वयंपाकघरात पाटावर बसून १९९६ सालचे आठवत होती. त्या वर्षी आपण काय खाल्ले, कुठे गेलो, कोणाशी भांडलो. छब्बीस वर्षांपूर्वीचे!

आता सांगा, डॉक्टरीणबाई, कोण मुक्त झाले?

भाचीने मला सांगितले ते असे: "आत्या, कागदानं मला ग्रहणातून सोडवलं आणि बीजात अडकवलं. ग्रहणाचं बरं होतं, पुढच्या वेळी पाळलं असतं. बीज कसं पाळू?" या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या बाईच्या हातात निर्दोष सुटल्याचा कागद देतो आणि स्वतःची पाठ थोपटून घेतो. पण खटला मुळात भरला कोणी, हे विचारीत नाही. आणि कागदावर सुटलेली बाई कागदावरच अडकू शकते. कारण तपासणी काही तिची वकील नव्हे. जे असेल ते सांगणे हे तपासणीचे काम. आज ती '४७' सांगेल, उद्या '४६' सांगेल.

तो '४६' तर फारच वाईट. आमच्या शाळेतल्या एका मुलाची आई दुसऱ्या खेपेला सहाव्या आठवड्यापासून अंथरुणावर होती, तरी टिकले नाही. तिचा अहवाल 'नॉर्मल' आला. तुम्हांला-मला वाटेल, चला, बरे झाले. तिच्या घरी त्याचा अर्थ असा झाला की, गर्भात खोट नव्हती, म्हणजे सांभाळण्यात खोट होती. ती मला म्हणाली, "बाई, काही तरी वाईट निघालं असतं तर बरं झालं असतं." आईने आपल्या मुलाबद्दल असे म्हणावे! वास्तविक गुणसूत्रे ठीक असूनही गर्भ जाण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांतली कित्येक कोणत्याच कागदावर येत नाहीत. शिवाय मुलीचा म्हणून आलेला नॉर्मल अहवाल कधी कधी गर्भाचा नसतोच. काढलेल्या भागात आईच्या पेशी मिसळतात आणि भिंगाखाली आईच मोजली जाते. हे तिला कोणी सांगितले नव्हते. मला तरी कुठे ठाऊक होते? भाचीसाठी विचारपूस करताना कळले.

आता पुरुषांकडे वळते. वारंवार गर्भ जात असेल तर नवरा-बायको दोघांचीही गुणसूत्रे तपासायची असतात. हिरव्या बुचाच्या नळीत थोडे रक्त, दंडाला एक टोचणी, एवढेच काम. अशा शंभर जोडप्यांमध्ये दोन ते पाच जोडप्यांत एकाची गुणसूत्रे तुकडे अदलाबदल झालेली निघतात. ते माणूस स्वतः ठणठणीत असते, पण बीज तयार होताना वाटणी चुकते. ते माणूस बाई असू शकते तसा पुरुषही असू शकतो. माझ्या एका मैत्रिणीचे तीनदा गेले. तिच्या परवानगीने लिहीत आहे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. दोन वर्षे तिचेच रक्त काढले जात होते: साखर, थायरॉइड, आणखी काय काय. त्या प्रत्येक कागदाची चर्चा पडवीत, पाहुण्यांसमोर होई. यजमानांना सवड नव्हती. शेवटी डॉक्टर हट्टाला पेटले तेव्हा त्यांनी रक्त दिले, आणि अदलाबदल निघाली ती त्यांच्यात.

मग काय झाले? काहीच नाही. पडवीतली चर्चा त्या दिवसापासून बंद. कॅलेंडर नाही, पितृपक्ष नाही, त्यांच्या आईने पोटात असताना काय खाल्ले याची चौकशी नाही. कागद कपाटात गेला आणि कपाटाला कुलूप लागले. माझी मैत्रीण आजही हळदीकुंकवाला कोणी विचारले तर सांगते, "माझ्यातच आहे हो काही तरी." मी चिडून तिला म्हटले, "अगं, असं का सांगतेस?" ती म्हणाली, "त्यांना लोकांनी बोललेलं मला सोसवणार नाही. मला सवय आहे."

म्हणजे निर्दोष सुटल्याचा कागद हातात असूनही तिने तो दाखवला नाही. आणि यजमानांनीही तिला कधी म्हटले नाही की, दाखव. त्यांचा दोष नाही असे मी मनापासून म्हणते. गुणसूत्रांचा दोष कोणाचाच नसतो. पण जो न्याय त्यांना न मागता मिळाला तो तिला दोन वर्षे रक्त देऊनही का मिळू नये?

कोणी म्हणेल, मग तपासणी बंद करावी काय? मुळीच नाही. २००८ च्या श्रावणात माझे स्वतःचे गेले. आदल्या दिवशी शेजारच्या मंगळागौरीत मी फुगडी घातली होती. त्या वेळी ही तपासणी आमच्या गावात कोणाला माहीत नव्हती, निदान मला कोणी विचारले नाही. पिशवी साफ केली, संपले. त्यानंतर पुढची सहा वर्षे मी फुगडी घातली नाही. बालवाडीच्या पोरींनी हात धरून ओढले तरी पाठ दुखते म्हणून सांगितले. तेव्हा कोणी मला '४७' असा आकडा लिहून दिला असता तर मी तो देव्हाऱ्यात ठेवला असता. ज्यांना वाटते की हे श्रीमंतांचे खूळ आहे, गेलेल्याचे कशाला उकरायचे, त्यांना सहा वर्षे फुगडी न घालणे म्हणजे काय ते समजायचे नाही. शिवाय ज्या बाईचे दोन-तीनदा गेले तिला पुढचा मार्ग ठरवायला या कागदाचा खराच उपयोग होतो.

म्हणून मी मागते आहे ते इतकेच की, हा कागद बाईचा आहे हे आधी मान्य करा. अर्जावर तिचा नंबर घाला. भूल देण्यापूर्वी तिला विचारा आणि तिचे 'हो' घ्या. अहवाल तिला बसवून, मराठीत, समोरासमोर सांगा. तिला हवे तो माणूस जवळ असू दे आणि नको तो बाहेर थांबू दे. दोघांचे रक्त घ्यायचे असेल तर एकाच दिवशी, एकाच टेबलावर घ्या. आमच्यासारख्या गावांत हे समजावून सांगणारे माणूस सापडत नाही, सगळे लेखी येते आणि तेही फोनवर. प्रयोगशाळा पुण्या-मुंबईला असू दे. पण तिथून कागद निघताना कोणी तरी पंधरा मिनिटे बोलायला का असू नये? कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ सालीच दिली. ती कितीजणींनी घेतली? माझ्या मैत्रिणीने तीन खेपांत मिळून नऊ दिवस घेतले, तेही 'ताप' म्हणून.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावर माझ्याजवळ उत्तर नाही. अहवालात मुलगा की मुलगी ती जागा झाकलेली होती. गर्भाचे लिंग सांगण्यावर बंदी घालणारा कायदा आपल्या महाराष्ट्राने देशाच्या आधी, १९८८ सालीच केला. देशाचा १९९४ साली झाला. तो हवाच, आणि कडक हवा. आपल्या घरांनी मुलींचे काय केले ते मला शिकवायला नको. पण भाचीने मला विचारले, "आत्या, नाव मनात ठेवायचं तर कुठलं ठेवू?" मी म्हटले, दोन्ही चालेल असे ठेव. तिने ठेवले आहे. मला सांगितलेले नाही.

गेल्या वर्षी भाऊबीजेला विहीणबाई आमच्याकडे आल्या होत्या. भोपळ्याच्या भांडणानंतर प्रथमच. मी जरा तुटकच वागत होते. जेवणे झाल्यावर बाकीची मंडळी बाहेर गेली आणि त्या माझ्याजवळ ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाई, तुम्ही लिहिता-वाचता म्हणून विचारते. माझी दोन गेली होती. मोठ्याच्या आधी. ते आता तपासता येतं का?"

मी विचारले, किती वर्षे झाली? म्हणाल्या, "एकोणचाळीस आणि सदतीस." त्या वेळी त्या विहिरीवरून दोन-दोन हंडे आणीत. सासूने सांगितले होते एकच आणायचा. पण खेपा वाचाव्यात म्हणून त्यांनी दोन आणले. दोन्ही वेळा.

मी त्यांना सांगितले की, आता काही उरलेले नाही, तपासता यायचे नाही. मग म्हटले, "विहीणबाई, हंड्यांनी नाही गेलं ते. बहुतेक नाहीच."

त्यांनी ओट्यावरचे फडके उचलले, घडी केली, पुन्हा ठेवले. म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण कागद नाही ना."